कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही: आधी काय, मग काय (नागपूरच्या पोरापोरींसाठी)

मी फार्मसिस्ट आहे, नंदनवनकडे औषधाच्या दुकानात बसते. हे लिहून राहिले कारण काउंटरवर रोज तेच दिसतं, माहिती नसते असं नाही, यूट्यूबवरून अर्धी माहिती घेऊनच पोरं येतात, पण क्रम चुकतो. सोमवारी करायचं ते शुक्रवारी करतात आणि तीन महिन्यांनी करायची टेस्ट दुसऱ्याच दिवशी करून "निगेटिव्ह आहे" म्हणून मोकळे होतात. या सगळ्यात प्रत्येक गोष्टीची आपापली वेळ आहे. काही कामं तासांत करायची असतात, काही आठवड्यांनी. तासांची कामं आधी उरका, लाज-भीती-भांडण मागून बघता येतं.

हे १८ पूर्ण झालेल्यांसाठी लिहिलंय, १८ खालच्यांसाठी आणि जबरदस्ती झाली असेल त्यांच्यासाठी खाली वेगळा भाग आहे, तो आधी वाचा.

## तयारी: फोनच्या नोट्समध्ये पाच गोष्टी लिहा

डॉक्टर असो की दुकानदार, सगळे हेच विचारतील, आणि घाबरल्यावर डोकं चालत नाही म्हणून आधीच लिहून ठेवा.

१. संबंध कधी आला, तारीख आणि वेळ. "परवा रात्री" असं नाही, शनिवारी रात्री ११ वाजता, असं.
२. मुलीच्या शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता.
३. नेमकं काय झालं. फाटला, निसटला, मधेच काढला, की वापरलाच नाही.
४. सध्या कोणतं औषध चालू आहे. टीबीच्या गोळ्या, फिट्सच्या गोळ्या असतील तर हे फार महत्त्वाचं आहे.
५. समोरच्याची एचआयव्ही तपासणी कधी झाली होती का, माहीत असेल तर.

आधी हे तपासा: खरंच धोका आहे का? मिठी, चुंबन, कपडे घालून जवळ येणं, एकाच टॉवेलला अंग पुसणं, एकच बाथरूम वापरणं, यातनं गर्भ राहत नाही. वीर्य योनीच्या बाहेर पण अगदी तोंडाशी लागलं असेल तर शक्यता कमी असते पण असते. आणि "बाहेर काढलं होतं ना वेळेवर" यावर भरवसा ठेवू नका, त्याआधी येणाऱ्या द्रवातही शुक्राणू असू शकतात.

## पहिला टप्पा: पहिल्या तासात काय करायचं नाही

आतून धुऊ नका. डेटॉल, साबण, लिंबू, कोल्ड्रिंक, काहीच नाही. शुक्राणू काही मिनिटांतच वर गेलेले असतात, धुऊन ते परत येत नाहीत, उलट आतली नाजूक त्वचा जळते आणि इन्फेक्शनला वाट मिळते. लघवी करून या, बाहेरून साध्या पाण्यानं धुवा, बस. उड्या मारणं, पपई खाणं, गरम गूळ-ओव्याचं पाणी, याचा काहीही उपयोग नाही आणि यातच पहिला दिवस जातो.

## दुसरा टप्पा: गर्भ राहू नये म्हणून गोळी, ७२ तासांच्या आत

गोळी म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलीग्रॅम, एकच गोळी. आय-पिल, अनवॉन्टेड ७२ ही त्याची दुकानातली नावं. चिठ्ठी लागत नाही. ७२ तासांची मुदत आहे म्हणून तिसऱ्या दिवसाची वाट बघायची असा त्याचा अर्थ नाही, जितकी लवकर तितकी जास्त कामाची. ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं पुढे ढकलते. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिच्या हातात फारसं काही नसतं, म्हणून तासातासाचा फरक पडतो.

कसं घ्यायचं:

१. एक्स्पायरी बघा.
२. एक गोळी पाण्यासोबत. काहीतरी खाऊन घेतली तर मळमळ जरा कमी.
३. वेळ नोंदवा. दोन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागते.
४. पुढची पाळी येईपर्यंत प्रत्येक वेळी कंडोम. ही गोळी झालेल्या संबंधासाठी आहे, पुढच्यासाठी नाही.

आता चुका, कारण खरा घोळ इथंच आहे.

संध्याकाळी गर्दी असली की पोरगा बाजूला उभा राहतो, सगळे जाईपर्यंत, मग फोनवरचा स्क्रीनशॉट काउंटरवर सरकवतो, तोंडानं नाव घेत नाही. बऱ्याचदा त्या स्क्रीनशॉटवर भलतंच औषध असतं. "अनवॉन्टेड ७२" आणि "अनवॉन्टेड किट" ही नावं सारखी आहेत पण औषधं पूर्ण वेगळी आहेत. किटमध्ये गर्भपाताच्या गोळ्या असतात, त्या डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घ्यायच्याच नाहीत. म्हणून स्क्रीनशॉट दाखवा हरकत नाही, पण एक वाक्य बोला: "काल रात्री कंडोम फाटला, ७२ तासांतली गोळी पाहिजे." दुकानदारानं तोंड वाकडं केलं तर पुढच्या दुकानात जा, नागपुरात दुकानांची कमी नाही.

"डबल घेतली तर डबल असर" असं नाही, फक्त उलटी-मळमळ डबल. अपवाद आहे, टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर साधी एक गोळी कमी पडते, पण ते स्वतः ठरवायचं नाही, डॉक्टरला विचारायचं. वजन बरंच जास्त असेल तरी गोळीचा असर कमी होऊ शकतो.

मुलीला न सांगता गोळी ज्यूसमध्ये देणं, किंवा "घे, नाहीतर बोलणार नाही" म्हणून घ्यायला लावणं, हे करू नका. तिचं शरीर आहे, पाळी तिची बदलणार आहे, तिला माहीत असलंच पाहिजे.

गोळी घेतल्यावर चार दिवसांनी थोडं रक्त दिसलं म्हणजे "पाळी आली, सुटलो" असं समजू नका. मधेच थोडं स्पॉटिंग होतं. खरी पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. आणि दर महिन्याला हीच गोळी घेत असाल तर तुम्हाला या गोळीची नाही, नेहमीच्या साधनाची गरज आहे, त्याचं शेवटी लिहिलंय.

गोळीपेक्षा पक्कं: पाच दिवसांच्या आत कॉपर-टी (गर्भाशयात बसवायचं तांब्याचं छोटं साधन) बसवून घेतली तर ती गोळीपेक्षा खूप जास्त खात्रीची आहे, आणि पुढची कित्येक वर्षंही चालते. वजन जास्त असेल, टीबीचं औषध चालू असेल किंवा तीन दिवस उलटून गेले असतील तर हाच रस्ता. गांधीबागेतलं डागा, मेडिकल चौकातलं मेडिकल (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) किंवा सेंट्रल एव्हेन्यूवरचं मेयो, स्त्रीरोग ओपीडीत सकाळीच जा आणि पहिल्याच वाक्यात किती तास झाले ते सांगा. लग्न झालंय का विचारतील, खरं सांगा, कॉपर-टीला लग्नाची अट नाही.

## तिसरा टप्पा: एचआयव्हीचं औषध, तेही ७२ तासांतच

हा टप्पा जवळजवळ सगळे विसरतात. गोळी घेतली की वाटतं झालं काम, पण ती गोळी फक्त गर्भासाठी आहे, कोणत्याही रोगापासून वाचवत नाही.

समोरच्याला एचआयव्ही आहे, किंवा असण्याची बरीच शक्यता आहे आणि कंडोम नव्हता, तर पीईपी नावाचा औषधांचा कोर्स असतो. जमलं तर पहिल्या दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करायचा आणि २८ दिवस एकही दिवस न चुकवता घ्यायचा. ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नसतो, म्हणून "आधी त्याचा रिपोर्ट येऊ दे मग बघू" असं करू नका. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर डॉक्टर कोर्स थांबवायला सांगतील.

मुलामुलांमधल्या संबंधात गर्भाचा प्रश्न नसतो म्हणून हा टप्पा तर हमखास सुटतो. गुदमार्गाच्या संबंधात एचआयव्हीचा धोका योनीमार्गापेक्षा जास्त असतो, हे लक्षात ठेवा.

कुठं जायचं: मेडिकलमध्ये एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र, आहे. रात्र असेल, रविवार असेल, तर ओपीडी उघडायची वाट बघू नका, कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) जा आणि सांगा "असुरक्षित संबंध आला, एवढे तास झाले, पीईपीसाठी आलो." डॉक्टर धोका बघून ठरवतात. रामदासपेठ-धंतोलीकडे खाजगी डॉक्टरही लिहून देतात. आणि हो, समोरची व्यक्ती एचआयव्हीचं औषध नियमित घेते आणि तिचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासणीत सापडत नाही इतका कमी टिकून आहे, तर संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. उगाच कोणाला गुन्हेगारासारखं बघू नका.

क्रम लक्षात ठेवा: दोन्ही लागत असेल तर आधी दुकानातून गर्भाची गोळी, ती पाच मिनिटांचं काम आहे, आणि तिथूनच ऑटो पकडून हॉस्पिटल. एक आज आणि एक उद्या असं नाही.

## चौथा टप्पा: तीन आठवडे थांबा, मग प्रेग्नन्सी टेस्ट

दुसऱ्या दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्हच येणार, कारण ज्या हार्मोनवर ती चालते ते तेव्हा शरीरात तयारच झालेलं नसतं. पाळी ठरल्या तारखेच्या आठवडाभर पुढे गेली, किंवा संबंधाला २१ दिवस झाले, की टेस्ट करा. पाळी आली पण नेहमीपेक्षा फारच कमी आली तरी करा.

१. सकाळची पहिली लघवी, स्वच्छ कोरड्या भांड्यात.
२. पट्टीच्या छोट्या खड्ड्यात पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब. ओतू नका.
३. सपाट जागी ठेवा आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळात वाचा, साधारण पाच मिनिटं.
४. दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह, दुसरी फिकी असली तरी. एकही रेघ नाही, किंवा नुसती पट्टीवरच्या टी (T) अक्षराजवळ रेघ आली, तर पट्टी बाद, नवी घ्या.

दुपारी कचऱ्यातून काढून पुन्हा बघितली आणि फिकी रेघ दिसली, याला काही अर्थ नाही. वाळल्यावर अशी रेघ दिसू शकते. शंका असेल तर दोन-तीन दिवसांनी नवीन पट्टी. आशाताईंकडे "निश्चय" नावाची पट्टी फुकट मिळते, पण आपल्याच मोहल्ल्यातल्या आशाताई ओळखीच्या निघतात म्हणून पोरी जात नाहीत, तर दूरच्या दुकानातून घ्या, महाग नसते.

## पाचवा टप्पा: पॉझिटिव्ह आली तर

दुकानातून किट आणून घरीच मोकळं व्हायचं, हे करू नका. यात पोरींचा जीव जातो म्हणून इतकं ठासून लिहिते. गर्भ गर्भाशयाच्या बाहेर नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही, नळी फुटून पोटात रक्तस्राव होतो. किती आठवडे झाले हेही अंदाजानं कळत नाही, आणि गोळ्यांनी गर्भपात कायद्यानं ९ आठवड्यांपर्यंतच करता येतो.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, तो नीट माहीत असू द्या. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर गर्भपात होतो, आणि गर्भनिरोधक फसलं हे कारण "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असं लिहिलंय, नवरा असं नाही. २० ते २४ आठवड्यांमध्ये ठराविक परिस्थितीत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की यात अविवाहित मुलीला वगळता येत नाही. १८ पूर्ण असेल तर फक्त तिची सही. आईवडिलांची नाही, बॉयफ्रेंडची नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. एखाद्या ठिकाणी "घरच्यांना घेऊन या" म्हणाले तर तिथं वाद घालत आठवडे घालवू नका, दुसरीकडे जा. ठेवायचं की नाही हा निर्णयही तिचाच, सोबत कोणी असावं मात्र.

ताबडतोब कॅज्युअल्टी: सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, पोटात एका बाजूला जोराचं दुखतं, खांदा दुखतो आणि चक्कर येते, ताप किंवा घाण वासाचा स्राव. आणि तिथं कोणती गोळी घेतली ते खरं सांगा, लपवलं तर उपचाराला उशीर होतो.

## सहावा टप्पा: रोगांच्या टेस्ट, ज्या त्या वेळी

एचआयव्ही: लगेच केलेली टेस्ट फक्त "आधीपासून होतं का" एवढं सांगते. या वेळच्या संबंधाचं कळायला एकदा सहा आठवड्यांनी आणि एकदा तीन महिन्यांनी करा. तीन महिन्यांची निगेटिव्ह आली आणि मधे नवा धोका नाही, तर या विषयावर झोप लागू द्या. पीईपी घेतलं असेल तर डॉक्टर देतील ते वेळापत्रक.

सिफिलिसलाही रक्तात दिसायला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात, त्याची रक्ताची टेस्ट, व्हीडीआरएल, सोबतच करून घ्या. गनोरिया-क्लॅमिडिया दोन आठवड्यांनी लघवीच्या नमुन्यातून कळतो.

कुठं: मेडिकल, मेयो, डागा, तिन्हीकडे आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र, आहे. चिठ्ठी लागत नाही, पैसे लागत नाहीत. आधी काउन्सेलर बोलतो, मग संमती घेतात, मग रक्त, मग रिपोर्ट आणि पुन्हा बोलणं. रिपोर्ट घेताना ते दुसरं बोलणं टाळून पळू नका, पुढची तारीख तिथंच कळते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. जायच्या आधी बोलायचं असेल तर १०९७ वर फोन करा, टोल फ्री आहे, नाव सांगावं लागत नाही.

लक्षणं दिसली तर मात्र टेस्टच्या तारखेची वाट बघायची नाही. लघवीला जळजळ, पांढरा-पिवळा पू, जखम (दुखत नसली तरी), फोड, जांघेत गाठ, मुलींमध्ये वेगळ्या रंगाचा-वासाचा स्राव, ओटीपोटात दुखणं. सरकारी हॉस्पिटलात यासाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथं लक्षणांप्रमाणे वेगवेगळ्या रंगाच्या पाकिटातली औषधं फुकट देतात. मित्राला जे पाकीट मिळालं ते तुमच्या कामाचं असेलच असं नाही. कोर्स अर्धा सोडू नका, आणि जोडीदारानंही उपचार घेतलाच पाहिजे, नाहीतर तोच रोग परत तुमच्याकडे येतो.

रेल्वेच्या भिंतींवर आणि बसस्टँडच्या मुतारीत "गुप्तरोग, स्वप्नदोष, हमखास इलाज" लिहिलेलं असतं ना, तिकडे कृपा करून जाऊ नका. स्वप्नदोष हा रोगच नाही, हस्तमैथुनानं कमजोरी येत नाही. पोट्टे तिथं हजारो रुपये घालवतात आणि खरी जखम असेल तर ती आतल्या आत वाढत राहते.

## सातवा टप्पा: पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून

पहिली चूक ठेवण्याची. नागपूरचा मे महिना, ४५ डिग्री, आणि कंडोम गाडीच्या डिक्कीत किंवा मागच्या खिशातल्या पाकिटात चेपलेला. उन्हानं आणि घासण्यानं रबर कमजोर होतं. घरात थंड जागी, कपाटात ठेवा, गरजेपुरतेच सोबत घ्या.

१. तारीख बघा, पाकीट बोटांनी दाबा, आत हवा जाणवली पाहिजे.
२. कडेनं हातानं फाडा. दात, कात्री, नखं नाही.
३. घडी बाहेरच्या बाजूला आहे ना ते बघा. उलटा लागला तर तोच पलटवून वापरू नका, फेका, नवीन घ्या.
४. टोक चिमटीत धरून मग उलगडत शेवटपर्यंत. ती मोकळी जागा सोडली नाही की फाटतो.
५. सुरुवातीपासून घाला, मधेच नाही.
६. झाल्यावर लगेच, ताठरपणा जायच्या आधी, खालची रिंग धरून बाहेर. निसटतो तो इथंच.
७. गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात.

खोबरेल तेल, व्हॅसलिन, बॉडी लोशन लावू नका, तेलानं लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं. पाण्याचं लुब्रिकंट घ्या. दोन कंडोम एकावर एक घालू नका. सरकारी दवाखान्यात निरोध फुकट मिळतो.

नियमित संबंध असतील तर कंडोमसोबत दुसरं साधनही ठेवा. सरकारी दवाखान्यात "अंतरा" इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, "छाया" गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा, माला-एन रोज, सगळं फुकट आहे. कोणतं जमेल ते डॉक्टर तब्येत बघून सांगतील. कंडोम तरीही पाहिजे, कारण यातलं एकही रोगापासून वाचवत नाही.

## १८ खाली असाल, किंवा जबरदस्ती झाली असेल

वय १८ पेक्षा कमी असेल तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्यानुसार संमतीला अर्थ नाही, आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. या भीतीनं पोरी दवाखान्यातच जात नाहीत, आणि मग पाचव्या महिन्यात कळतं. म्हणून हे माहीत असू द्या: त्याच २०२२ च्या निकालात कोर्टानं सांगितलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकानं विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही. गर्भपाताला पालकाची लेखी संमती मात्र लागते, तेव्हा मावशी, काकू, मोठी बहीण, ज्यांच्याशी बोलता येईल अशा एका मोठ्या माणसाला आजच सांगा, तेच आईबाबांशी बोलतील. १०९८ वर मुलांसाठी मदत आहे. पाळी, शरीरातले बदल, असे साधे प्रश्न असतील तर सरकारी दवाखान्यातल्या मैत्री क्लिनिकमध्ये १० ते १९ वयाच्या मुलामुलींना विचारता येतात.

जबरदस्ती झाली असेल, मुलगी असो की मुलगा, तर वरचा क्रम थोडा बदलतो. जमलं तर अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका, प्लास्टिकमध्ये नाही, कागदी पिशवीत ठेवा. अंघोळ झाली असेल तरी जा, उशीर झाला असेल तरी जा. कोणतंही हॉस्पिटल, सरकारी असो की खाजगी, उपचार नाकारू शकत नाही आणि त्याचे पैसे घेऊ शकत नाही, आधी एफआयआर आणा असं म्हणू शकत नाही, पोलिसांना कळवणं हॉस्पिटलचं काम आहे. गर्भाची गोळी आणि पीईपी दोन्ही तिथंच मागा, वेळ सांगा. ११२ पोलीस, १८१ महिला हेल्पलाइन. चूक तुमची नाही, आणि सोबत यायला कोणी नसेल तर १८१ ला फोन करून तेच सांगा.